बरं वाटतंय? तरी तारीख चुकवू नका

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक संपले, दोन घास पोटात जाऊ लागले. मग घरात बोलणं निघतं, ‘आता बरं आहे की, कशाला हेलपाटा?’ गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचा खाडा, सगळं खरं आहे. तरीही तपासणीला जा.

हा आजार उलटलाच, तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. मानेतली लहान गाठ डॉक्टरांच्या बोटांना लागते. तुम्हाला आरशात दिसेपर्यंत ती बरीच वाढलेली असते.

तुमच्या जाण्याचा दुसऱ्यांनाही उपयोग होतो. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसली, तर मानेचंही ऑपरेशन तेव्हाच करावं की गाठ आल्यावर? डॉक्टरांचं यावर एकमत नव्हतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं 2004 ते 2014 या काळात 596 रुग्णांना अभ्यासात घेतलं. पहिल्या 500 जणांचा निष्कर्ष 2015 मध्ये आला. मानेचं ऑपरेशन सोबतच झालेल्या शंभरांतले 80 जण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांत हा आकडा 67-68 होता. रुग्ण पुन्हा पुन्हा तपासणीला आले, म्हणून हे कळलं.

तेव्हा एवढं करा.

सगळे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा. कालनिर्णयवर पुढच्या तारखेला गोल करा.

मोबाईल नंबर बदलला तर रुग्णालयात कळवा. घरातल्या आणखी कुणाचा तरी नंबर देऊन ठेवा. चौकशीचा फोन आला तर खरं ते सांगा. माणूस गेला असेल, तर तेही सांगा. जड जातं, पण त्याचीही नोंद लागते.

तपासणीसाठी कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. तिचा फॉर्म रुग्णालयात मागा.

दात काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना शेक घेतल्याचं सांगा, नाहीतर जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते. मानेला शेक दिले असतील, तर थायरॉईडची रक्ततपासणी कधी करायची ते विचारून घ्या. तोंड उघडण्याचे व्यायाम सोडू नका.

तंबाखू, मिश्री, बिडी बंद. पुन्हा सुरू झाली असेल, तर लपवू नका. सोडायला मदत मिळते.

अभ्यासात भाग घ्याल का, असं कुणी विचारलं तर ऐकून घ्या. कागद मराठीत मागा, समजल्याशिवाय सही करू नका. नाही म्हणालात तरी तुमचा उपचार थांबत नाही. हो म्हणून नंतर बाहेरही पडता येतं.

आणि तारीख आधीच हुकली असेल, तर लाजून घरी बसू नका. डॉक्टर चार शब्द बोलले तर बोलू द्या. पिशवी उचला आणि येत्या ओपीडीला जा.