पडल्यावर घाई, आधी मात्र दिरंगाई



पूल पडला की गाडी अडते आणि टपालाची थैलीही वाटेतच राहते. म्हणून पुलाचा प्रश्न एकट्या इंजिनिअरांचा नाही, तो आपलाही आहे.

१ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेत मिनियापोलिस येथे मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. १३ जण ठार, १४५ जखमी झाले. नवा पूल १८ सप्टेंबर २००८ रोजी, मुदतीच्या तीन महिने आधी, खुला झाला. ही गती कशी साधली? नदीकाठी पाया-खांबांचे काम चालू असतानाच बंद पडलेल्या महामार्गावर काँक्रीटचे प्रचंड भाग साच्यात ओतून तयार ठेवले. मग असे १२० भाग क्रेनने उचलून पोलादी तारांनी ताणून जखडले. नदीवरचा गाळा ४७ दिवसांत जुळला. आपल्याकडेही रुळांखालचे भुयारी मार्ग आधी ओतलेल्या पेट्या ब्लॉकमध्ये बसवूनच होतात. त्या ब्लॉकमध्ये घाम गाळणाऱ्यांना हे तंत्र परके नाही.

तंत्राचे स्वागतच आहे. पण मुद्दा निराळा आहे. १९६७ साली खुल्या झालेल्या त्या जुन्या पुलाच्या काही गसेट प्लेटा मुळातच एक इंचाऐवजी अर्ध्या इंचाच्या होत्या. त्यांतील काही वाकल्याचे १९९९ आणि २००३ च्या छायाचित्रांत दिसत होते. तरीही त्या दिवशी पुलावर दुरुस्तीची खडी, वाळू व यंत्रे मिळून सुमारे २६० टनांचा भार होता आणि वाहतूकही चालू होती. नव्या पुलासाठी २३ कोटी ४० लाख डॉलरचे कंत्राट निघाले, शिवाय काम लवकर केल्यास कंत्राटदाराला बक्षिसी! वाकलेल्या प्लेटकडे वेळीच बोट दाखवणाऱ्याला कोणती बक्षिसी होती?

महाडची सावित्री आपण विसरलेलो नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इंग्रजांच्या काळचा पूल वाहून गेला, दोन एस.टी. गाड्या माणसांसह गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन पूल सुरक्षित ठरला होता. नवा पूल मात्र १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. म्हणजे पैसा, यंत्रे, माणसे सारे मिळू शकते. फक्त आधी बळी जावे लागतात!

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. पूल तपासणीची रिक्त पदे भरा. कामगाराने नोंदविलेल्या दोषावर काय केले, ते त्याला लेखी कळवा. शंका असेल तेथे आधी वेगमर्यादा लावा, भार कमी करा. जुन्या पुलांचे पर्यायी आराखडे पडझडीपूर्वीच तयार ठेवा. आणि झटपट कामाच्या नावाखाली ब्लॉकमधील कामगाराची विश्रांती व सुरक्षितता कापू नका.

पूल महिन्यांत उभा राहतो. गेलेला माणूस परत येत नाही. हे प्रशासनाला पटवून देणे संघटनेचे काम आहे, आणि संघटना म्हणजे आपणच.