हुन्नर शिकविल्यानेच टिकेल

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगली जिल्ह्यातील कारागिरांना त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु मानांकन गावाच्या नावाला मिळते आणि ते नाव कमावतात हात. हे हात पुढच्या पिढीत असतील काय, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचे काम घटले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार नशिबाला दोष देत बसले नाहीत. ते तंतुवाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यांची दुरुस्ती जाणत. कारागिराच्या हाताला गवयाच्या कानाची जोड मिळाली आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला.

या धंद्यात भोपळा व तूण लाकूड पैसे टाकून मिळते; जवारी मिळत नाही. घोडीचा पृष्ठभाग कानसीने केसभर कमीजास्त केला की तारेचा आवाज खुलतो किंवा बसतो. त्याला माप नाही, पुस्तक नाही. उस्तादाजवळ बसून वर्षानुवर्षे कान तयार करावा लागतो. जी गत जवारीची, तीच शिलाईतील कटिंगची आणि गॅरेजमध्ये इंजिनाचा आवाज ओळखण्याची.

हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) बादशहा असूनही लोखंडाची चिलखते बनवून स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगले. अशी शिकवण असलेल्या समाजात कारागिरी कमी दर्जाची का मानली जावी? पण दोष एकाच बाजूचा नाही. काही उस्ताद चहा-पाण्यासाठी शागीर्द ठेवतात आणि शेवटची खुबी घरातल्यांपुरती राखतात. घरचा मुलगा दुसऱ्या कामाला लागला की खुबी उस्तादाबरोबरच कबरीत जाते. तिकडे मुलांनाही सहा महिन्यांत कारागीर व्हायचे असते.

साताऱ्याकडे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवले आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखविला. आमच्या कारखान्यांनीही तोच धरावा. शागिर्दाला पहिल्या महिन्यापासून थोडी का होईना, ठरलेली मजुरी द्यावी. कोणत्या वर्षी काय शिकवायचे हे आधीच सांगावे. बाहेरच्या मुलालाही पूर्ण काम शिकवावे. पालकांनी मुलाची शाळा न सोडवता संध्याकाळी त्याला कामावर बसवावे.

शिकलेला शागीर्द उद्या शेजारी दुकान थाटेल, ही भीती आम्ही ऐकतो. मिरजेत तर एकाच गल्लीत वाद्यांची दुकाने शेजारी-शेजारी आहेत, आणि म्हणूनच गिऱ्हाईक दुरून तेथे येते. रोजी देणारा अल्लाह आहे. हुन्नर वाटल्याने बरकत कमी होत नाही.