विश्लेषण : चूक असो वा चलाखी, शिक्षा एकच! आइस हॉकीतला ‘काचेबाहेर पक’चा नियम इतका नावडता का?

१ जून २००६. अमेरिकेतल्या रॅली शहरात कॅरोलायना हरिकेन्स आणि बफेलो सेबर्स यांच्यात आइस हॉकीचा सामना रंगला होता. जिंकणारा संघ स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत जाणार होता. शेवटच्या सत्रात २-२ अशी बरोबरी असताना बफेलोच्या ब्रायन कॅम्पबेलने आपल्या बचाव क्षेत्रातून पक मारला आणि तो काचेवरून थेट बाहेर गेला. त्याने कोणाला पाडलं नव्हतं की धक्का दिला नव्हता. तरीही त्याला दोन मिनिटांसाठी मैदानाबाहेर बसावं लागलं. त्याच वेळात कॅरोलायनाचा कर्णधार रॉड ब्रिंडामोरने गोल केला. कॅरोलायनाने सामना ४-२ असा जिंकला आणि पुढे कपही पटकावला.

ज्या नियमामुळे कॅम्पबेल बाहेर बसला, तो तेव्हा जेमतेम एका हंगामाचा होता. आजही नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) सर्वात नावडत्या नियमांमध्ये त्याची गणना होते.

नियम नेमका काय?
आइस हॉकीच्या रिंकभोवती फळ्या आणि त्यावर पारदर्शक काच असते. खेळाडूने आपल्या बचाव क्षेत्रातून मारलेला पक कशालाही न लागता थेट काचेवरून बाहेर गेला, तर ‘खेळात दिरंगाई’ म्हणून दोन मिनिटांची शिक्षा होते. पक वाटेत कोणाच्या स्टिकला किंवा काचेला लागून उडाला, तर शिक्षा नाही. खेळाडूंच्या बाकावर गेला तरीही नाही.

शिक्षेच्या काळात त्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं. समोरच्या संघाच्या या संधीला ‘पॉवर प्ले’ म्हणतात. साधारण पाचातल्या एका पॉवर प्लेमध्ये गोल होतो. अटीतटीच्या सामन्यात ही किंमत मोठी आहे.

हा नियम आला कशासाठी?
पूर्वी गोलरक्षकाने पक असा बाहेर मारला तर थेट शिक्षा व्हायची. इतर खेळाडूंच्या बाबतीत मात्र तो मुद्दाम मारला का, हे पंच ठरवत. याचा फायदा दमलेले बचावपटू घेत. दबाव वाढला की पक प्रेक्षकांत भिरकावायचा, शिटी वाजली की ताजेतवाने खेळाडू आत आणायचे. ‘मुद्दाम नाही हो, निसटला’ म्हटलं की सिद्ध कोण करणार?

मालक आणि खेळाडूंमधल्या वादामुळे २००४-०५चा अख्खा हंगाम रद्द झाला. परतताना लीगला खेळ वेगवान करायचा होता. २००५-०६ पासून अनेक नियम बदलले, त्यात गोलरक्षकाचा नियम सगळ्यांना लागू झाला. हेतू पाहायचाच नाही, पक कुठे गेला एवढंच पाहायचं.

मग नाराजी कशाची?
पहिली गोष्ट, बहुतेक वेळा ही चूकच असते. अंगावर खेळाडू धावून येतोय, पक बर्फावर उसळतोय, अशा वेळी स्टिक थोडी जास्त उचलली गेली की संपलं.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. बाद फेरीच्या शेवटच्या मिनिटांत पंच किरकोळ धक्काबुक्कीकडे अनेकदा काणाडोळा करतात. पण काचेबाहेर पक गेला की शिक्षा ठरलेली. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणारा सुटू शकतो आणि हात चुकलेला अडकतो.

दुसरा मार्ग आहे का?
आहे. टीकाकार ‘आइसिंग’चं उदाहरण देतात. दबावातून सुटण्यासाठी पक मध्यरेषेमागून थेट पलीकडच्या टोकाला मारला, तर खेळ पुन्हा त्या संघाच्याच गोलजवळ सुरू होतो आणि त्यांना खेळाडू बदलता येत नाहीत. इथेही तेच करा, ही मागणी आहे. पण मग संकटात सापडलेला संघ हा सौदा आनंदाने स्वीकारेल, ही भीतीही खोटी नाही.

आपल्या ओळखीच्या मैदानी हॉकीने वेगळी वाट धरली आहे. बचावपटूकडून चेंडू नकळत गोलरेषेबाहेर गेला तर खेळ २३ मीटर रेषेवरून सुरू होतो. मुद्दाम घालवला तर पेनल्टी कॉर्नर. तिथे हेतू पंच ठरवतात, त्यामुळे वादही होतात.

लीगने काय बदललं?
शिक्षा तशीच आहे. मात्र २००४-०५च्या बंदनंतर जवळपास दोन दशकांनी, २०२४-२५च्या हंगामापासून, प्रशिक्षकांना या निर्णयाला व्हिडिओच्या आधारे आव्हान देता येतं. पक वाटेत कशाला तरी लागला होता हे दिसलं, तर शिक्षा रद्द होते. आव्हान फसलं, तर आणखी दोन मिनिटांची शिक्षा.

यातून पंचाच्या नजरेची चूक सुधारते, खेळाडूच्या चुकीला माफी मिळत नाही. हेतू तपासायचा तर वाद आला, न तपासायचा तर कधीतरी अन्याय आला. एनएचएलने वाद टाळला. त्याची किंमत कॅम्पबेलसारखे खेळाडू मोजतात.