अंड्याची वर्गणी कुणी भरायची?

शाळेतल्या खिचडीचा विषय चावडीवर निघाला की बहुतेक दोनच तक्रारी ऐकू येतात. एक, तांदळात अळ्या निघाल्या. दुसरी, पोषण आहाराचा हिशेब लिहिता लिहिता गुरुजींना शिकवायला सवड उरत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण या खिचडीमागे कायदा काय आहे, एका पोरामागे पैसा किती येतो आणि एखाद्या दिवशी चूल पेटली नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे मात्र कुणी बोलत नाही. गावाला ठाऊक नाही, म्हणून वरचे निर्णय निमूट स्वीकारले जातात. अंड्याच्या बाबतीत नेमके हेच झाले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ठरवले की, शाळेतल्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे. एका अंड्याला ५ रुपये दर धरला आणि २३ आठवड्यांसाठी ५० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढे जून २०२४ मध्ये पंधरा पाककृतींचा नवा तक्ता निघाला. रोज तीन पदार्थांचे जेवण, त्यात मोड आलेली कडधान्ये, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व असा बेत होता. तो झेपत नाही असे शाळांनी कळवले, म्हणून २८ जानेवारी २०२५ रोजी शासनाने तक्ता बदलून बारा पाककृती ठेवल्या. इथवर ठीक होते. परंतु त्याच निर्णयात अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. अंडी आणि साखर यांना शासन वेगळा पैसा देणार नाही, शाळांनी तो लोकसहभागातून उभा करावा, असे सांगून हात झटकण्यात आले.

‘लोकसहभाग’ हा शब्द कानाला गोड लागतो. गावच्या भाषेत त्याला वर्गणी म्हणतात. आणि वर्गणी मागायला जाणार कोण, तर शाळेचे गुरुजी आणि शाळा व्यवस्थापन समिती.

आता हे जेवण कोणाच्या कृपेने मिळते, ते आधी पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने ही योजना सुरू केली तेव्हा शिजवलेले अन्न बहुतेक राज्यांत नव्हतेच. हजेरी ८० टक्के भरली तर महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचे, असा तो प्रकार होता. पिशवी घरी गेली की ते धान्य सगळ्या घरात वाटले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की, धान्य नको, शाळेत शिजवलेले अन्नच द्या. त्यानंतर आपल्याकडे खिचडी आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला सुटीचा दिवस सोडून रोज एक वेळचे मोफत जेवण मिळाले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, हे मापही कायद्यानेच घालून दिले आहे. २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झाले, शाळेला जोडलेल्या बालवाटिकाही त्यात आल्या. नाव बदलले, हक्क तोच राहिला.

म्हणजे हे दान नव्हे, हक्क आहे. आणि हक्काच्या ताटातला एक घास वर्गणीवर ठेवता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब साठ पोरांच्या एका प्राथमिक शाळेचा धरू. १ मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला दर प्राथमिकला रोज ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. तांदूळ वेगळा, तो केंद्राकडून येतो. प्राथमिकच्या एका मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. साठ पोरांना सहा किलो तांदूळ, सव्वा किलोला थोडी कमी डाळ, तीन किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल लागते. तांदूळ सोडून बाकी सगळे, मीठमसाला आणि सरपण किंवा गॅस धरून, ४०६ रुपये ८० पैशांत बसवायचे. बाजारहाट करणाऱ्या कुणालाही कळेल की यातून अंडे निघत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अंड्याचा हिशेब शासनाच्याच पाच रुपये दराने करू. साठ पोरांना आठवड्याला ३०० रुपये, २३ आठवड्यांचे ६,९०० रुपये. बागायती गावात, जिथे साखर कारखाना आहे, दोन पतसंस्था आहेत, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली माणसे आहेत, तिथे ही रक्कम एका बैठकीत जमेल. पण जिरायती पट्ट्यातल्या वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर काय होणार? दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले असते. मागे म्हातारीकोतारी आणि शाळेत जाणारी पोरे. त्यांच्याकडून कुणी वर्गणी मागायची? जिथे पोराला घरी दूधअंडे मिळते, तिथे शाळेतही मिळेल; जिथे घरी मिळत नाही, तिथे शाळेतही मिळणार नाही. लोकसहभागावर पोषण सोडले की असा उफराटा न्याय होतो.

लोकसहभागाला आमचा विरोध नाही. या महाराष्ट्रात शाळा लोकांनीच उभ्या केल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहे गावोगावच्या लोकांनी दिलेल्या धान्यावर चालली. आजही वाढदिवसाला, पुण्यतिथीला शाळेत गोडधोड देण्याची पद्धत अनेक गावांत आहे आणि योजनेतही तिथी भोजन म्हणून तिला जागा आहे. परंतु तिथी भोजन हे नेहमीच्या जेवणावरचे वाढप होय. नेहमीचे वाढून झाल्यावर ते शोभते. नेहमीचेच ताट अर्धे ठेवून उरलेले गावाने भरावे, याला सहभाग म्हणत नाहीत.

शासनाची बाजू ऐकू. तिजोरीत पैसा नाही, काही पालकांना शाळेत अंडे नको, गुरुजींवर खरेदीचा भार पडतो, असे म्हणणे मांडले जाते. ज्यांना अंडे नको त्यांच्यासाठी केळ्याची सोय आधीच होती, तेव्हा तो मुद्दा निकाली निघतो. गुरुजींचा भार खरा आहे, पण वर्गणी मागायला लावून तो कमी कसा होईल? राहिला पैशाचा प्रश्न. तामिळनाडूत १९८२ पासून राज्याने मोठ्या प्रमाणावर दुपारचे जेवण चालवले, आणि तिथे अंडे हा पोरांच्या जेवणाचा नेहमीचा भाग झाला. २०२२ पासून सकाळची न्याहारीही सुरू झाली. तिजोरी सगळ्यांचीच तंग असते. आधी काय द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

चुलीपुढे बसणाऱ्या मावशीचा विचारही व्हायला हवा. २५ पोरांपर्यंत एक, १०० पोरांपर्यंत दोन स्वयंपाकी असे प्रमाण आहे. केंद्राने २००९ मध्ये महिना १,००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्याने आपली भर घालून २०२३ मध्ये ते २,५०० रुपयांवर नेले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर रोजाचे शंभर रुपये पडतात. खुरपणीला गेली तर बाईला याहून जास्त मिळतात. बारा पाककृतींचा तक्ता भिंतीवर लावला, पण त्या रांधणारीला शंभर रुपये रोज द्यायचा, हे कोणत्या न्यायात बसते? शिवाय ते मानधनही वेळेवर मिळत नाही, अशी ओरड जिकडेतिकडे आहे.

शेतकऱ्याचाही यात थेट संबंध आहे. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या मुलखातली पोरे रोज दूरच्या गोदामातून आलेला तांदूळ खातात. डाळ, तेल, मसाला ठेकेदार आणून टाकतो. गावात मूग, मटकी, तूर पिकते, बचत गटाच्या बायकांकडे कोंबड्या आहेत, तरी शाळेच्या दारातून गावचा माल आत जात नाही. २०२१ मध्ये केंद्राने योजनेला मंजुरी देताना शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गट यांना यात सामावून घ्यावे, असे म्हटले होते. म्हटले खरे, पण किती माल घ्यायचा याचा आकडा बांधला नाही. ब्राझील देशाने २००९ मध्ये कायदाच केला की, शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांचा माल घेण्यावर खर्च झाले पाहिजेत. आपल्याकडे असा बंधनकारक वाटा ठेवला तर पोराला ताजे मिळेल आणि बापाच्या मालाला घरापाशी गिऱ्हाईक मिळेल. अंड्याचा पैसा शासनाने चालू ठेवला असता तर साठ पोरांच्या एका शाळेत २३ आठवड्यांत १,३८० अंडी लागली असती. ती गावातल्याच कोंबड्यांची असू शकली असती.

खरेदी कुठूनही होवो, साठवण नीट हवी. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. हे औषध आपल्या शेतकऱ्यांना चांगले परिचयाचे आहे. फवारणीचा रिकामा डबा धुऊन वापरायची सवय कितीतरी घरांत आहे. तसला डबा शाळेच्या कोठीच्या आसपासही फिरकता कामा नये. वाढण्यापूर्वी दोन-तीन मोठ्या माणसांनी, त्यात एका शिक्षकाने, अन्न चाखून पाहावे अशी केंद्राची सूचना आहे. चव नोंदवहीत महिन्याच्या सह्या एकाच दिवशी एकाच शाईने उमटलेल्या दिसल्या, तर समजावे की चाखले कुणी नाही.

मग गावाने करायचे काय? पहिले म्हणजे २०१५ चे मध्यान्ह भोजन नियम ध्यानात ठेवा. धान्य नाही, पैसा नाही, सरपण नाही की स्वयंपाकी आली नाही, अशा कारणाने जेवण झाले नाही, तर त्या दिवसांचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च शासनाने मुलांना पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भत्ता म्हणून द्यायचा आहे. पाच दिवस चूल बंद राहिली तर प्राथमिकच्या प्रत्येक पोराचे अर्धा किलो धान्य आणि ३३ रुपये ९० पैसे होतात. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकले, तर जबाबदारी निश्चित करणे शासनावर बंधनकारक आहे. तेव्हा किती दिवस जेवण झाले नाही, याची तारीखवार नोंद शाळा व्यवस्थापन समितीने ठेवावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

दुसरे, मुख्याध्यापकांसाठी. आहाराचा पैसा तात्पुरता संपला तर शाळेकडचा दुसरा निधी वापरून जेवण चालू ठेवण्याचा अधिकार याच नियमांनी त्यांना दिला आहे. पैसे आले की तो भरून घ्यायचा. किराणा दुकानात स्वतःच्या नावावर उधारी करण्याची गरज नाही. समितीने तसा ठराव करून गुरुजींच्या पाठीशी उभे राहावे, म्हणजे पुढे तपासणीत त्यांना एकट्याला उत्तरे द्यावी लागणार नाहीत.

तिसरे, या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. ही माणसे सहीपुरती नसावीत. आलेला माल वजन करून घ्यावा, किडका माल परत करावा, तसा शेरा पावतीवर लिहावा. योजनेचे सामाजिक अंकेक्षण प्रत्येक जिल्ह्यात बंधनकारक झाले आहे. आपल्या तालुक्यात ते कोणत्या शाळांचे झाले, काय निघाले, हे सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी विचारून ग्रामसभेत वाचून दाखवावे.

आणि चौथे, येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्यावा. अंडी, केळी आणि साखर यांची तरतूद शासनाने पुन्हा स्वतःकडे घ्यावी, तिचा दर बाजारभावाप्रमाणे दरवर्षी ठरवावा आणि माल गावातल्या बचत गटाकडून घेण्याची मुभा द्यावी, एवढाच तो ठराव. एका गावाचा कागद दप्तरात पडून राहील. तालुक्यातल्या सगळ्या गावांचे कागद एकाच महिन्यात पंचायत समितीत आले तर ते वर पाठवावेच लागतील. लोकप्रतिनिधींनीही हा प्रश्न विधिमंडळात लावून धरावा. मते मागायला ते याच गावांत येतात.

तोवर ज्या गावाला जमते त्याने आपल्या पोरांना अंडे जरूर द्यावे. पोराचे वय शासन निर्णयासाठी थांबत नाही. मात्र देताना समितीच्या वहीत खर्च लिहून ठेवावा, म्हणजे जो भार शासनाचा होता तो गावाने किती उचलला, हे उद्या आकड्यांनिशी मांडता येईल.