मोटारीस मुभा, उतारूस भुर्दंड

सुमारे 14 हजार कोटी रुपयांचा मुंबईचा सागरी किनारा मार्ग 2024 साली खुला झाला. त्यावर टोल नाही. 2025 च्या मे महिन्यात त्याच नगरीत बेस्टचे किमान भाडे मात्र 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो.

रस्ता वाढविला की मोटारी वाढतात आणि तो पुन्हा तुंबतो, हा शहरोशहरीचा अनुभव आहे. गर्दी ओसरावयाची तर मोटारीची गरजच कमी झाली पाहिजे, आणि त्यास पैसा लागतो. तो कोठून आणावा? सिंगापूरने 1975 पासून व लंडनने 2003 पासून मध्यवस्तीत शिरणाऱ्या मोटारींवर आकार बसविला; लंडनने ते निव्वळ उत्पन्न कायद्यानेच वाहतुकीसाठी राखून मुख्यतः बससेवेकडे वळविले. मुंबईने निदान रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारींकडून जागेचे वाजवी भाडे घ्यावे आणि ती रक्कम बेस्टच्या पदरी घालावी.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या दारी मोटार आहे. त्यांना हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु शेजारी बसने जाऊ लागला, तर मोकळा रस्ता कोणास मिळणार?