हात कुणाला करता?

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात माझ्या गाडीची चेन तुटली. जॅकेटवाले सात-आठ रायडर मला झकास हात करून पुढे निघून गेले. थांबला तो शंभर सीसीच्या गाडीला दुधाचे कॅन लटकवलेला एक काका. अशा काकांना मी आजवर कधी हात केला होता? एकदाही नाही.

ही पद्धत आपण बाहेरून उचलली. अमेरिकेत, जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरचा रायडर आपल्या डावीकडून जातो आणि डावा हात मोकळाच असतो. आपल्याकडे तो उजवीकडून जातो, आणि उजवा हात तर अ‍ॅक्सिलरेटरवर! ब्रिटनमध्येही हीच अडचण, म्हणून तिथे बरेच जण नुसती मान हलवतात. तेवढंही पुरे.

पण समोरच्याची सीसी बघून मान हलत असेल, तर तो बंधुभाव नाही, ती नवी जातपात आहे. खड्डा सीसी विचारत नाही. ओल्या वळणावर दूधवाला, डिलिव्हरीवाला, जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरचा दिव्यांग आणि तुम्ही, सगळे सारखेच उघडे.

तेव्हा हात करायचाच तर सगळ्यांना करा. आणि कुणी कडेला उभा दिसला, तर हात राहू द्या. ब्रेक दाबा.