नववा अवतार कुणाचा?

गोदीत रातपाळीला क्रेन थांबली की आमच्या टोळीतला एक पोरगा कानात मेटल कोंबून बसतो. परवा त्यानं एक वायर माझ्या कानात घातली. म्हणाला, ऐक, आपल्या मुंबईचेच आहेत. बँड डेमॉनिक रिझरेक्शन, अल्बम 'दशावतार', २०१७ सालचा.

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. ड्रम म्हणजे जहाजाच्या पोटात साखळदंड सुटावेत तसा. आणि गळा असा गुरगुरतो की मरीआईचा पोतराजच आठवला. धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात माझं गाव. पोतराज स्वतःच्याच अंगावर आसूड ओढायचा आणि आम्ही पोरं आयांच्या पदरात शिरायचो.

मग गाण्यांची नावं वाचली नि डोकं सटकलं. मत्स्य, कूर्म, वराह... आणि नववा बुद्ध!

दोस्तहो, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पाचवी आठवा. बुद्ध विष्णूचा अवतार हा खोटा नि खोडसाळ प्रचार आहे. बँडवाल्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. यादी मिळाली, उचलली. माझं भांडण तिथंच आहे. काळे कपडे घालायचे, घसा फोडायचा, आणि कथा मात्र भटजीच्या पोथीतली जशीच्या तशी? नॉर्वेतल्या मेटलवाल्यांनी निदान आपल्या चर्चशी वैर तरी धरलं.

जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हेच अवतार सोलून ठेवलेत. मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक अवतार म्हणजे इथल्या माणसांवर चालून आलेल्यांचा एकेक म्होरक्या. वामनानं बळीला पाताळात घातलं, तरी गावातल्या बाया अजून म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. कुणाच्या बाजूनं गायचं हे शाळा न शिकलेल्या बाईला कळतं. गिटारवाल्याला का कळू नये?

काळोखच पाहिजे तर आमच्याकडं या की! तुळजापुरात देवी महिषासुरमर्दिनी, महिषासुर तिच्या पायाखाली. आणि त्याच मुलखात शिवंवर शेंदूर फासलेला म्हसोबा बसलाय, कोंबडं-बकरं मागत. जोतीबा म्हणतात तो बळीचा अधिकारी, महासुभा. कोसंबींनी १९६२ च्या पुस्तकात लिहिलं, म्हसोबा म्हणजेच महिषासुर. देवळात मेलेला, शिवंवर जिवंत. याच्यावर गाणं कुठाय?

हे सगळं पोराला ऐकवलं. त्यानं कानातली वायर काढली. म्हणाला, मग तू लिही की.

आठ ओळी झाल्यात. हलगीवाला गावात आहे. गिटारवाला शोधतोय.